वहीतलं गाणं

नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये ज्या ग्रंथासमोर रोज कीर्तन चालतं, त्या गुरू ग्रंथ साहिबात संत नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांचं गाव म्हणून मानलं जाणारं नर्सी इथून फार लांब नाही; नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यातच ते आहे. नामदेवांचे शब्द पंजाबात गेले, तिथं गायले गेले, १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या आदि ग्रंथात लिहिले गेले आणि १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी याच नांदेडात ग्रंथाला गुरुपद दिलं, तेव्हा ते गोदाकाठी सन्मानानं परत आले. ही पदं ग्रंथात १८ रागांखाली वाटलेली आहेत. पद कोणत्या रागात गायचं ते सांगून मग पद दिलं आहे. नामदेवांच्या इतर अभंगांच्या जुन्या वह्यांत अशी शिस्त क्वचितच सापडते.

पण रागाचं नाव म्हणजे चाल नव्हे. भैरव म्हटलं की स्वरांची चौकट कळते. त्या चौकटीत नामदेवांनी किंवा त्यांच्यामागून गाणाऱ्यांनी शब्द नेमका कुठं उचलला, कुठं सोडला, ते कळत नाही. ते कीर्तन गाणाऱ्या रागींच्या गळ्यातून पुढं गेलं आणि पिढीगणिक थोडं थोडं बदलत राहिलं. गाण्याचे शब्द कागदावर येणं आणि गाणं कागदावर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी फार अवघड. ती अवघड गोष्ट जगात ज्यांनी ज्यांनी केली, त्यांत एक जण मराठवाड्यातच होऊन गेला.

त्याचं नाव शार्ङ्गदेव. घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत आले आणि वडील सोढल देवगिरीच्या यादवांच्या चाकरीत शिरले. तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव श्रीकरणाधिप होता, म्हणजे हिशेबाचं खातं त्याच्याकडे होतं. या हिशेबनिसानं 'संगीत रत्नाकर' लिहिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य असे सात अध्याय. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धती आपलं मूळ सांगताना या ग्रंथाशी येऊन थांबतात. त्यात नुसती रागांची वर्णनं नाहीत. अनेक रागांचे नमुने सा-रे-ग-म च्या अक्षरांत मांडून दाखवले आहेत. आज आठशे वर्षांनी ती अक्षरं वाचता येतात. अडचण पुढं येते. शार्ङ्गदेवाचा 'ग' नेमका किती उंचीचा, त्याचे राग आजच्या त्याच नावाच्या रागांशी जुळतात की नाही, यावर अभ्यासक पिढ्यान्पिढ्या वाद घालत आले आहेत. सिंहभूपाल आणि कल्लिनाथ यांनी या ग्रंथावर टीका लिहिल्या नसत्या तर तो आणखीच बंद राहिला असता. पुण्याच्या आनंदाश्रमानं १८९६-९७ मध्ये तो छापला, तेव्हा कुठं तो सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आला.

लातूरच्या सीमेपलीकडं, आज कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात मोडणाऱ्या बसवकल्याणचा हक्क याहून जुना आहे. ती चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला आणि त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, याची नोंद केली. राजानं बायकांच्या कामाच्या गाण्याची दखल घेतली ही मोठीच गोष्ट. मात्र त्या ओव्यांची चाल त्यानं उतरून ठेवली नाही.

आता जरा दूर, इटलीतल्या मिलान शहरात जाऊ. गाणं कागदावर आणून जपण्याचं काम एखादी संस्था दोनशे वर्षं करते तेव्हा काय होतं, ते तिथं पाहायला मिळतं.

१८०३च्या सुमारास जोव्हानी रिकोर्दी नावाच्या तरुणानं मिलानमध्ये स्वरलेखनाच्या नकला करून देण्याचं दुकान थाटलं. ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचं संगीत नाटक. पन्नास-साठ वादक, समूहगायक, मुख्य नटगायक. प्रत्येकाला आपापला भाग लिहून द्यावा लागे. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांत नटाला त्याच्या भूमिकेपुरती 'नक्कल' लिहून मिळायची, तसंच हे काम. रिकोर्दी तेवढ्यावर थांबला नाही. १८०७ मध्ये तो जर्मनीत लाइप्झिगला गेला, तिथल्या ब्राइटकोप्फ उंट हेर्टेल या नामांकित प्रकाशनसंस्थेत स्वरलेखन छापण्याचं तंत्र पाहून आला आणि १८०८ साली मिलानमध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. १८१४ मध्ये ला स्काला या मोठ्या नाट्यगृहाच्या नकलांचं काम त्याच्याकडे आलं आणि १८२५ मध्ये त्यानं ला स्कालाचं संगीतदफ्तरच विकत घेतलं. नाट्यगृहाला जे अडगळ वाटत होतं, ते या नक्कलनिसाला भांडवल वाटलं.

त्याची व्यापारी युक्ती समजून घेण्याजोगी आहे. ऑपेराचं संपूर्ण स्वरलेखन, म्हणजे प्रत्येक वाद्याची ओळ असलेली मोठी चोपडी, त्याची संस्था विकत नसे. प्रयोगापुरती भाड्यानं देई. घरी पियानोवर वाजवण्याजोगी संक्षिप्त आवृत्ती तेवढी दुकानात मिळायची. चोरटे प्रयोग करणाऱ्यांचा त्या काळी सुळसुळाट होता; पूर्ण चोपडी बाहेर गेली की हक्क बुडालाच. म्हणून संगीतकाराच्या हातची मूळ प्रत मालकीहक्कासह घ्यायची आणि आपल्याच कपाटात ठेवायची. संस्कृती जपावी म्हणून हा संग्रह सुरू झाला नव्हता. हक्क जपायचा होता. पण त्यामुळेच रोस्सिनी, बेल्लिनी, दोनिझेत्ती, व्हेर्दी, पुच्चिनी या संगीतकारांच्या हातचे कागद एका छपराखाली राहिले. जोव्हानीनंतर मुलगा तीतो, मग नातू जूलिओ आणि पणतू धाकटा तीतो अशा चार पिढ्यांनी हा व्यवसाय चालवला. व्हेर्दीनं उतारवयात 'ओतेल्लो' आणि 'फाल्स्ताफ' लिहावं म्हणून त्याच्या मागं लागणारा जूलिओच.

आज या रिकोर्दी संग्रहात सुमारे ७,८०० हस्तलिखित स्वरलेखनं आहेत, त्यांत सहाशेहून अधिक ऑपेरा आहेत. सुमारे १०,००० नाट्यसंहिता आहेत. संगीतकारांची आणि संहितालेखकांची हजारो पत्रं, वेशभूषेची आणि नेपथ्याची चित्रं, जुनी छायाचित्रं, जाहिरातींची भित्तिपत्रकं आहेत. व्हेर्दीच्या २८ ऑपेरांपैकी २३ ऑपेरांच्या मूळ प्रती इथं आहेत. पुच्चिनीचा 'ला रोंदिने' हा एक ऑपेरा दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला. त्याचे बाकी सगळे इथं आहेत.

आकड्यांपेक्षा कागद काय सांगतात ते मोलाचं. व्हेर्दी आधी गायकांच्या ओळी आणि खालचा खर्ज तेवढा लिहून काढी. वाद्यांच्या ओळी रिकाम्या सोडी आणि तालमी जवळ आल्या की भरी. मूळ प्रत समोर ठेवली की हे टप्पे वेगळे दिसतात. कुठं खोडलं, कुठं गायिकेचा आवाज पाहून स्वर बदलला, हेही दिसतं. छापील पुस्तकात हे सगळं सपाट होऊन जातं. नकला करणाऱ्यांच्या चुका छापील पुस्तकांत शिरल्या आणि शंभर वर्षं तशाच वाजत राहिल्या. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनानं आणि रिकोर्दीनं मिळून व्हेर्दीच्या चिकित्सक आवृत्त्या काढायला घेतल्या, त्यांतली पहिली 'रिगोलेत्तो'ची, १९८३ सालची. मूळ कागद नसते तर ही दुरुस्ती कोणत्या आधारावर करणार होते?

१९४३च्या ऑगस्टमध्ये मिलानवर बॉम्ब पडले. ला स्काला उद्ध्वस्त झालं, रिकोर्दीची इमारत गेली. हस्तलिखितं वाचली, कारण ती आधीच सुरक्षित जागी हलवलेली होती. १९९४ मध्ये जर्मनीच्या बेर्टेल्समान समूहानं रिकोर्दी विकत घेतली. पुढं त्या समूहानं संगीत प्रकाशनाचा धंदा विकला. हा संग्रह मात्र स्वतःकडे ठेवला. तो आता मिलानच्या ब्रेरा राजवाड्यातल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्यातला बराचसा भाग कुणालाही घरबसल्या संगणकावर पाहता येतो. लातूरचा एखादा संगीताचा विद्यार्थीही आज व्हेर्दीचं हस्ताक्षर पाहू शकतो. लातूरच्याच जुन्या गवयाचं हस्ताक्षर पाहायचं म्हटलं तर कुठं जायचं, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

मराठी माणसानं असा संग्रह उभारलाच नाही, असं म्हणता येणार नाही. तो तमिळ प्रदेशात उभा आहे. शिवाजी महाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजी यांनी तंजावरला मराठी राज्य स्थापलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं. या राजांना गाण्यानाचण्याचं वेड होतं. तंजावरच्या शहाजीराजांच्या काळात रागांची लक्षणं आणि त्यांचे स्वरांतले नमुने लिहून ठेवले गेले; तुळजाराजांनी 'संगीत सारामृत' लिहिला. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्याचा कारभार काढून घेतला. त्यांच्या हाती उरलेली ताकद त्यांनी ग्रंथांवर लावली. आज सरस्वती महाल या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगूबरोबर सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदांची असंख्य गाठोडी आहेत.

त्यांत गाणं लिहिलेलं आहे. 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाचा संग्रह नृत्यासाठी रचलेल्या मराठी पदांचा आहे. एका कथानकाला लागणारे नृत्याचे सगळे प्रकार एकाच रागात, एकाच तालात बांधायचे आणि शब्दांबरोबर स्वरही द्यायचे, अशी त्याची मांडणी. आज ज्याला भरतनाट्यम म्हणतात त्या नृत्याची बैठक ज्यांनी घडवली, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ याच दरबारातले. सरफोजींनी पाश्चात्त्य वाद्यांचा ताफाही पदरी ठेवला होता आणि त्यासाठी लागणारी पाच रेघांवरची स्वरलेखनं जमवली होती; तीही त्यांच्या संग्रहात आहेत. कावेरीकाठच्या एका राजवाड्यात मराठी पदांचे स्वर आणि युरोपी धुना एकाच वेळी कागदावर होत्या. मिलानचं दुकान तेव्हा नुकतंच उघडलं होतं. महाराष्ट्रात मात्र तंजावरची ओळख बहुतेकांना वंशावळीपुरतीच आहे. मराठी नृत्यपदांचा हा साठा आपल्या विद्यापीठांच्या संगीत विभागांत रोजच्या वापरात असायला हवा होता.

उत्तरेकडच्या गाण्याचा प्रश्न वेगळा होता. तिथं राजाचं दफ्तर नव्हतं, प्रकाशकाचं कपाट नव्हतं. चिजा होत्या त्या उस्तादांच्या गळ्यात. चीज हीच घराण्याची मिळकत. शिष्याला वर्षानुवर्षं सेवेनंतर मिळायची, जावयाला आंदण म्हणून दिली जायची, परक्यासमोर गाताना अंतरा गिळला जायचा. उस्ताद गेला की चिजा त्याच्याबरोबर जात.

विष्णु नारायण भातखंडे यांना हे सहन होईना. १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेला हा माणूस पेशानं वकील. पारशी मंडळींनी काढलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते शिकले, रावजीबुवा बेलबागकरांकडून शेकडो धृपदं घेतली आणि मग देश पालथा घातला. १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, एट्टयापुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले. मुथुस्वामी दीक्षितांच्या कृती स्वरांसह छापणारा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडत होता. घराण्यातल्या माणसानं घराण्याचं धन छापून सगळ्यांना वाटलं, हे भातखंड्यांनी जवळून पाहिलं. पुढं जयपूरच्या मोहम्मद अली खाँ आणि त्यांचे मुलगे आशिक अली व अहमद अली यांच्याकडून त्यांनी सुमारे तीनशे चिजा मिळवल्या. रामपूरला नवाब हमीद अली खाँ यांच्या मध्यस्थीनं वझीर खाँ यांच्या परंपरेतली धृपदं मिळवली.

या सगळ्यातून 'हिंदुस्तानी संगीत पद्धती क्रमिक पुस्तकमालिका' उभी राहिली. सहा भाग, अठराशेहून अधिक बंदिशी. बंदिशी ब्रजभाषेतल्या, पण त्यांच्याभोवतीचं सगळं स्पष्टीकरण मूळ मराठीत. शेवटचे दोन भाग १९३६ मधल्या त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. लिहिण्याची रीत त्यांनी इतकी सोपी केली की आजही पोरं आठवड्याभरात शिकतात. कोमल स्वराच्या अक्षराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला गुणिलेची खूण, खालीला शून्य, लांबवलेल्या स्वरापुढं आडवी रेघ, गीताच्या लांबवलेल्या अक्षराला अवग्रह, मींडेला वर कमान. छापखान्यात असलेल्या खिळ्यांवरच काम भागावं, असा त्यामागं हिशेब दिसतो.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी वेगळ्या खुणा वापरल्या. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुस्तकं छापण्याची सोयही केली. नांदेड-लातूरला प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षांना बसणारी मुलं आज ज्या वह्या लिहितात, त्या या दोन विष्णूंच्या पुण्याईवर.

भातखंड्यांवर आक्षेप भरपूर आले. त्यांनी लिहिलेली चीज आमच्या घराण्यात तशी नाही, कागदावर सांगाडा येतो, गायकी येत नाही. दोन्ही आक्षेप खरे आहेत. बंदिशीचा मुखडा रोज थोडा वेगळा पडतो आणि तो तसाच पडायला हवा. व्हेर्दीच्या चोपडीसारखा एकच बरोबर पाठ आपल्या संगीतात नसतो. पण सांगाडाही नसता तर आज वाद घालायला तरी काय उरलं असतं? एकच पाठ बरोबर नसेल तर उलट जास्त वह्या जपायला हव्यात. एकाच यमनच्या चिजेच्या पाच गावांतल्या पाच वह्या मिळाल्या, तर ती चीज कशी फिरली ते कळतं. छापील पुस्तकातली एक प्रत ठेवून बाकीच्या वह्या फेकून दिल्या की हा प्रवास पुसला जातो. मिलानची खरी शिकवण इथं आहे. तिथं त्यांनी छापलेलं पुस्तक तर ठेवलंच, पण खोडलेला कागद, पत्र, पावती, तालमीच्या वेळची खूण हेही ठेवलं.

लोकगीतांच्या बाबतीत महाराष्ट्रात असं काम झालंही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. पुढं बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यांचं ध्वनिमुद्रणही झालं; त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्या ओव्याही आहेत. सोमेश्वरानं ज्या ओवीची नुसती नोंद केली होती, तिचे शब्द आणि चाल आता ऐकता येतात. जाती घराघरांतून उठायच्या आत हे झालं, थोडा उशीर झाला असता तर झालं नसतं.

मराठवाड्यातल्या शास्त्रीय आणि भजनी गाण्याच्या बाबतीत तीच वेळ आज आली आहे. नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकलेले पं. नाथराव नेरळकर २०२१ मध्ये गेले. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर त्याआधीच गेले. ही नावाजलेली माणसं; त्यांची ध्वनिमुद्रणं आहेत, शिष्य आहेत. ज्यांचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं नाही अशा शाळेतल्या संगीत शिक्षकांचं, मठातल्या गवयांचं, भजनी मंडळाच्या पेटीवाल्यांचं काय? त्यांच्या मागं राहते ती एक वही. गुरूनं सांगितलेली चीज, समासात लिहिलेला ताल, एखाद्या अभंगाला स्वतः बांधलेली चाल, आणि फार तर पहिल्या पानावर साल.

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांत संगीत शिकवलं जातं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. आपल्या तालुक्यातल्या एका जुन्या गायकाची वही शोधायची, तिची छायाचित्रं काढायची, त्यातल्या चिजा जिवंत माणसाकडून गाऊन घ्यायच्या आणि दोन्ही एकत्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करायच्या, एवढा एक प्रकल्प दरवर्षी झाला तरी दहा वर्षांत मराठवाड्याचं स्वतःचं संगीतदफ्तर उभं राहील. त्याला राजवाडा लागत नाही.

घरच्यांनाही काही गोष्टी लगेच करता येण्याजोग्या आहेत. वहीचं फाटलेलं पान चिकटपट्टीनं जोडू नये. डिंक पिवळा पडतो आणि कागद खातो. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, ओल धरते. कापडात किंवा स्वच्छ कागदात गुंडाळून कोरड्या जागी आडवी ठेवावी आणि मधूनमधून कसर लागली नाही ना ते पाहावं. मोबाइलवर का होईना, उजेडात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमानं छायाचित्रं काढावीत. कोरी पानं आणि मलपृष्ठही सोडू नये. वही कुणाची, गाव कोणतं, गुरू कोण, साधारण साल कोणतं, हे सोबत लिहून ठेवावं. आणि घरात त्या चाली गाऊ शकणारं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसून, वही समोर ठेवून, एकेक चीज ध्वनिमुद्रित करून घ्यावी. यातलं शेवटचं काम सगळ्यात आधी करावं, कारण वही थांबते, माणूस थांबत नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक उघडली जाईल. तिच्यात आजोबांची सरगम लिहिलेली वही निघाली तर ती रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या संगीत विभागाला आधी एक फोन करा.